कारखान्याने उभारलेले, पटकथेने नाकारलेले ऑझ

पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे आहेत, सिनेमात ते लाल माणकांचे झाले. पुस्तकातली पश्चिमेची दुष्ट चेटकीण एका डोळ्याची आहे आणि जेमतेम एका प्रकरणापुरती येते; सिनेमात ती हिरव्या कातडीची आहे आणि जवळजवळ सुरुवातीपासून डोरोथीच्या मागावर असते. पुस्तकातल्या दोन भल्या चेटकिणींची सिनेमात एकच झाली. चिनी मातीच्या माणसांचा देश, अस्वलाचे धड नि वाघाचे डोके असलेली कालिदा नावाची जनावरे, हात नसलेली आणि डोक्याने धडक देणारी माणसे, सगळी गळाली. एल. फ्रँक बॉम यांचे ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ १९०० साली शिकागोत प्रसिद्ध झाले आणि १९३९ साली एमजीएम स्टुडिओने त्यावर ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा सिनेमा काढला. दोहोंतल्या फरकांची यादी करायला बसले तर हे पान पुरणार नाही. पण अशा याद्यांनी रूपांतर चांगले की वाईट ते ठरत नाही. एकच आख्यान दोन कीर्तनकार दोन तऱ्हांनी लावतात आणि श्रोते दोन्हीकडे माना डोलावतात. बदल किती केले यापेक्षा ते कशापायी केले, हे पाहायला हवे. ऑझच्या बाबतीत तसे पाहिले तर दिसते असे, की बहुतेक बदल कॅमेरा, रंग आणि वेळ यांच्या निकडीतून आले आणि त्यांनी गोष्टीचे फारसे काही बिघडवले नाही. बिघडवले ते मुख्यतः एकाच बदलाने. डोरोथी ऑझला गेलीच नव्हती, तिला स्वप्न पडले होते, हा तो बदल. आणि तो आला मोठ्या माणसांच्या धास्तीतून.

धास्तीला कारण होते. १९३३ साली पॅरामाउंटने ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ काढला. कॅरी ग्रँट, गॅरी कूपर, डब्ल्यू. सी. फील्ड्स अशी मातब्बर मंडळी त्यात होती, पण त्यांतल्या अनेकांचे चेहरे मुखवट्यांखाली झाकलेले. ग्रँट तर कासव झाला होता. सिनेमा पडला. परीकथा पडद्यावर चालत नाहीत, हे हॉलिवूडमध्ये जणू ठरून गेले. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’ने १९३७च्या डिसेंबरात ते खोटे ठरवले आणि प्रेक्षकांच्या रांगा पाहून एमजीएमने पुढल्याच वर्षी सॅम्युअल गोल्डविन यांच्याकडून ऑझचे हक्क ७५ हजार डॉलरना घेतले. पण ‘स्नो व्हाइट’ होता चित्रांचा. हाडामांसाच्या नटांना घेऊन हेच साधेल का, ही शंका कायम होती. त्यामुळे हा सिनेमा एका विचित्र मनःस्थितीत जन्माला आला: स्टुडिओने त्यावर पैसा ओतला सढळ हाताने, आणि गोष्टीवर विश्वास ठेवला हात आखडता घेऊन.

आधी सढळ हाताचे पाहू. बॉम यांचे पहिले प्रकरण कॅन्ससच्या माळरानावर घडते आणि तिथे सगळे करडे आहे: उन्हाने रापलेली जमीन, गवत, घराचा उडालेला रंग, डोरोथीच्या काकूचे गाल आणि डोळे, काकांची दाढी आणि बूटसुद्धा. करडेपणाचा हा मारा लेखकाने जाणूनबुजून केला आहे, कारण वादळ डोरोथीला जिथे नेऊन टाकते तिथे प्रत्येक मुलखाला स्वतःचा रंग आहे. मंचकिन लोकांचा निळा, विंकींचा पिवळा, क्वाडलिंगांचा लाल. तेव्हा कॅन्सस रंगाविना आणि ऑझ टेक्निकलरमध्ये, ही सिनेमाची जी करामत म्हणून मिरवली जाते, ती खरे तर पुस्तकातच होती. पटकथेवर थोडेच दिवस काम केलेल्या हर्मन मॅन्किविट्झ यांनी ती हेरली. (हेच गृहस्थ दोन वर्षांनी ‘सिटिझन केन’चे सहलेखक झाले.) पण कागदावर सुचणे वेगळे आणि पडद्यावर करून दाखवणे वेगळे. त्या काळच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात भिंगामागे प्रिझम असे, तो प्रकाशाची वाटणी करी आणि एकाच वेळी तीन कृष्णधवल फिती चालत, प्रत्येक फीत एकेका मूळ रंगासाठी. प्रकाशाचे असे भाग पडत असल्याने सेटवर दिव्यांची भट्टीच पेटवावी लागे आणि पारा शंभर अंश फॅरनहाइटच्या वर जाई. रंग तेव्हा कुणालाच सहजासहजी मिळत नव्हता. आपल्याकडे प्रभात फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’साठी १९३३ साली थेट जर्मनी गाठली होती, तरी रंग मनासारखे उतरले नाहीत.

डोरोथी वादळातून पडलेल्या घराचे दार उघडते, तो शॉट नीट पाहावा. घराचे आतले अंग तपकिरी-करडे आहे, दार उघडते आणि पलीकडे रंगांचा पूर लोटतो. मध्ये कुठे कात्री लागल्याचे दिसत नाही. रसायनांची काही जादू असावी असे वाटते, पण तिथे जादू नव्हती, रंगकाम होते. संपूर्ण शॉट टेक्निकलरमध्येच घेतला. घराच्या भिंती, दार, चौकट, सगळे तपकिरी छटांत रंगवून काढले. दाराशी पाठमोरी उभी आहे ती डोरोथी झालेली ज्युडी गार्लंड नव्हे, तिची डुप्लिकेट. तिच्या अंगात तसल्याच तपकिरी छटांचा झगा. दार उघडून ती बाजूला सरकते, कॅमेरा पुढे जातो आणि निळ्या चौकड्यांच्या झग्यातली खरी गार्लंड चौकटीतून बाहेर पडते. पुस्तकातल्या एका वर्णनाशी इमान राखण्यासाठी सुतार, रंगारी आणि कपडेपट यांनी केलेली ही खटपट आहे. निष्ठा हा शब्द रूपांतराच्या चर्चेत फार सैल वापरला जातो. इथे त्या निष्ठेला लाकडाचा आणि रंगाच्या डब्यांचा हिशेब आहे.

रंगाने काही हिरावूनही घेतले, ते लपवण्यात अर्थ नाही. पुस्तकातले पाचूचे नगर बाहेरच्या कुठल्याही नगरापेक्षा अधिक हिरवे नाही. वेशीवरचा द्वारपाल प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चश्मा चढवून कुलूप लावतो आणि मग सगळे हिरवे दिसते. भोंदू जादूगाराची ही भोंदू राजधानी. बॉम यांनी मुलांच्या हाती राजकारणाचा एक सबंध धडाच ठेवला आहे, तोही न शिकवता. टेक्निकलरचा सिनेमा काढायचा आणि प्रेक्षकाला सांगायचे की रंग हा फसवा चश्मा आहे, हे एमजीएमला परवडणारे नव्हते. नगर खरेच हिरवे झाले आणि चश्मे गेले. चांदीच्या बुटांचेही तेच. नोएल लँग्ली या तरुण लेखकाच्या मे १९३८च्या पटकथेत चांदीच्या बुटांवर काट मारून माणकांचे केलेले दिसते. पिवळ्या विटांच्या रस्त्यावर चांदी मिटून जाते, लाल उठून दिसतो. चश्मे जाणे हे नुकसान आहे, बूट बदलणे नुकसान नाही. पण दोन्ही बदल माध्यमाने मागितले म्हणून झाले आणि दोन्ही ठिकाणी ऑझ ऑझच राहिले.

चक्रीवादळाची कथा याहून बोलकी आहे. अर्नल्ड गिलेस्पी यांच्या विशेष परिणाम विभागाने आधी रबराचे वादळ करून पाहिले, ते वळेना. मग गिलेस्पींना विमानतळावरचे वाऱ्याची दिशा दाखवणारे कापडी मोजे आठवले. त्यांनी मलमलीची ३५ फुटी निमुळती पिशवी शिवून घेतली, वरचे टोक छतालगत सरकणाऱ्या पोलादी यारीला टांगले, खालचे टोक जमिनीतल्या खाचेतून नागमोडी फिरणाऱ्या गाड्याला जोडले. वर आणि खाली वेगवेगळ्या दिशांना ओढ बसली की पिशवी पिळवटत पुढे सरके. आत दाबाच्या हवेने मुलतानी मातीसारखी बारीक माती फुंकली, ती कापडाच्या वीणीतून झिरपून बाहेर आली आणि कापडाची कड पुसली गेली. पुढे काचेवर कापसाचे ढग. इतकीच सामग्री. आज संगणकावर दाण्यादाण्याची गणिते करून वादळे उठवतात, तरी हे कापडी वादळ अजून धडकी भरवते, कारण कॅमेऱ्यासमोर खरोखरच काहीतरी पिळवटत पुढे येत होते.

या खरेपणाची किंमत माणसांनी मोजली, आणि ती पडद्यामागच्या गमतीजमती म्हणून सांगितली जाते हे बरे नव्हे. टिनचा लाकूडतोड्या म्हणून आधी बडी एब्सन यांना घेतले होते. त्यांच्या चेहऱ्यावर रोज अ‍ॅल्युमिनियमची पूड फुंकली जाई, ती श्वासाबरोबर फुप्फुसांत गेली, श्वास घेता येईना, इस्पितळात ठेवावे लागले. स्टुडिओने जॅक हेली यांना आणले आणि पुडीच्या जागी लेप आला. चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन २३ डिसेंबर १९३८ला मंचकिनलँडच्या सेटवर भाजल्या. धुराच्या लोटात त्यांनी जमिनीतल्या झडपेतून खाली उतरायचे आणि मग वर आगीचा भडका उडायचा, असा क्रम होता. भडका आधी उडाला. चेहरा आणि हात होरपळले. हिरव्या रंगात तांबे होते, ते जखमेत जाऊन चालणार नव्हते, म्हणून भाजलेल्या कातडीवरून तो रंग अल्कोहोलने पुसून काढला. सुमारे दीड महिन्याने त्या परतल्या आणि आगीचे काम करणार नाही म्हणाल्या; मग धूर सोडणाऱ्या झाडूवर त्यांच्या डुप्लिकेट बेटी डँको यांना बसवले, नळी फुटली आणि त्यांचा पाय जबर जखमी झाला. सिंह झालेले बर्ट लार खऱ्या सिंहाच्या कातड्याच्या जड पोशाखात त्या भट्टीत उभे. तोंडावर रंगभूषेचे तुकडे चिकटवलेले, त्यामुळे घास चावणेही मुश्किल. चेहरे झाकायचे नाहीत, प्रत्येक नटाचे डोळे-ओठ दिसले पाहिजेत, ही रंगभूषाकार जॅक डॉन यांच्या कामाची दिशा होती. पॅरामाउंटच्या मुखवट्यांनी जे घालवले ते तिने परत मिळवले. पण तिचा जाच नटांच्या कातडीला झाला. चित्रीकरण ऑक्टोबर १९३८ ते मार्च १९३९ असे चालले. एक दिग्दर्शक दोन आठवड्यांत गेला आणि त्याचे काम टाकून दिले, दुसऱ्याने, जॉर्ज क्युकर यांनी, एक फूटही फिल्म न उतरवता फक्त गार्लंडचा सोनेरी टोप आणि बाहुलीसारखा रंग काढायला लावला, आणि हा सल्ला लाखमोलाचा ठरला, तिसरे व्हिक्टर फ्लेमिंग बरेचसे काम उरकून ‘गॉन विथ द विंड’कडे वळले, कॅन्ससचा भाग किंग व्हिडॉर यांनी पुरा केला. चार दिग्दर्शक येऊन गेले तरी सिनेमा एकसंध वाटतो, याचे श्रेय सेट, रंगभूषा, कपडेपट आणि संगीत या विभागांना द्यायला हवे. ऑझ त्यांनी उभारले, आणि हातात धरता येईल असे उभारले.

मग कथाविभागाने काय केले? पटकथेला दहाहून अधिक हात लागले. श्रेयनामावलीत लँग्ली, फ्लॉरेन्स रायर्सन आणि एडगर अ‍ॅलन वुल्फ हे तिघेच. लँग्ली यांचे म्हणणे असे, की अद्भुत प्राणी प्रेक्षकासमोर एकदम उभे करू नयेत, आधी त्यांना माणूस म्हणून दाखवावे. म्हणून कॅन्ससच्या शेतावर तीन गडी आले, ऑझमध्ये तेच बुजगावणे, टिनचा माणूस आणि सिंह झाले. डोरोथीच्या टोटो या कुत्र्यावर उठलेली मिस गल्च चेटकीण झाली. रस्त्यावरचा भोंदू ज्योतिषी जादूगार झाला. इथपर्यंत ठीक, किंबहुना सुरेख. नट तेच, आवाज तेच, मुलाला ओळख पटण्याची मजा मिळते. पण जोड्या लावल्या की त्यांचा खुलासा द्यावासा वाटू लागतो, आणि सोपा खुलासा एकच. वादळात खिडकीची चौकट डोरोथीच्या डोक्यावर आदळते. शेवटी ती अंथरुणात जागी होते आणि भोवती जमलेली मोठी माणसे तिची समजूत घालतात की बाळ, तुला स्वप्न पडले होते.

बॉम यांच्या पुस्तकात डोरोथी परतते तेव्हा काकांनी नवे घर बांधलेले असते, कारण जुने खरेच उडून गेले आहे. तिच्या पायांत बूट नसतात, ते वाळवंटावरून उडताना गळून पडले. दोन साधे पुरावे, आणि लेखक त्यांवर जोर देखील देत नाही. इतकेच नव्हे, १९१०च्या ‘द एमराल्ड सिटी ऑफ ऑझ’ या सहाव्या पुस्तकात त्या नव्या घरासाठी काढलेले कर्ज काकांना फिटत नाही, बँक शेत घेणार असे दिसते, तेव्हा डोरोथी काका-काकूंनाच ऑझला राहायला नेते. गहाणखत आणि परीराज्य एकाच गोष्टीत इतक्या सहजपणे नांदवणारे लेखक फार नाहीत. बॉम यांना कॅन्सस जितके खरे तितके ऑझ खरे.

सिनेमाने ते खोटे ठरवले आणि स्वतःच्याच गोष्टीला भोक पाडले. मिस गल्च कुत्र्याला नेण्यासाठी शेरीफचा हुकूम घेऊन आली होती. ऑझ खरे असेल तर चेटकीण मेली आणि संकट टळले. स्वप्न असेल तर मिस गल्च जिवंत आहे, हुकूम तिच्या हाती आहे आणि टोटोला उद्या सकाळी पुन्हा टोपलीत घालतील. सिनेमा याबद्दल चकार शब्द काढत नाही. भल्या चेटकिणी एक केल्याने दुसरे भोक पडले. पुस्तकातल्या उत्तरेच्या म्हाताऱ्या चेटकिणीला बुटांची शक्ती ठाऊकच नसते, ती दक्षिणेच्या ग्लिंडाला ठाऊक असते. सिनेमात ग्लिंडाच डोरोथीला बूट देते आणि ते घरी नेतील हे शेवटी सांगते. आधी का नाही सांगितले, तर म्हणे तेव्हा पटले नसते, स्वतः शिकायला हवे होते. म्हणजे मुलीला मरणाच्या दारात धाडले ते धडा मिळावा म्हणून. पुस्तकात धडा नाही, कारण चूकच नाही: तिथे डोरोथी घर सोडून पळत नाही आणि पहिल्या क्षणापासून घरी जायचे म्हणते. सिनेमाने तिला आधी पळायला लावले, मग घरासारखे सुख नाही हे वदवून घेतले.

यावर पहिला आक्षेप असा, की पळून जाण्याची ओढ काढली तर ‘ओव्हर द रेनबो’ उरत नाही, आणि हॅरॉल्ड आर्लन व यिप हारबर्ग यांच्या या गाण्यावाचून सिनेमा काय कामाचा? आक्षेप वजनदार आहे. गाणे पुस्तकाच्या बाहेरचे आहे आणि सिनेमातली सर्वांत मोलाची भर आहे. पण त्याला स्वप्नाची गरज नाही. दूर कुठेतरी असा देश आहे असे मुलगी गाते, आणि तो देश सापडतो. गाण्याचे चीज होते ते देश खरा असला तर. शिवाय हे गाणे वाचले ते स्टुडिओमुळे नव्हे. खासगी खेळानंतर कापून टाकलेल्या भागांत तेही होते: सिनेमा रेंगाळतो आणि गोठ्याच्या अंगणात उभे राहून गाणे आमच्या तारकेला शोभत नाही, असे वरिष्ठांचे म्हणणे. सहनिर्माते आर्थर फ्रीड हट्टाला पेटले म्हणून ते परत आले, आणि पुढे त्याला ऑस्कर मिळाले. जे हात गाण्यावर कात्री चालवत होते, त्याच हातांनी शेवटही बेतला होता.

दुसरा आक्षेप मुलांच्या भीतीचा. हॅमिल्टन यांची चेटकीण इतकी भयंकर की खासगी खेळांनंतर तिचे काही प्रसंग छाटले. मग शेवटी स्वप्न होते म्हटले तर काय बिघडले? याला उत्तर खुद्द हॅमिल्टन यांनी दिले. त्या सिनेमात येण्यापूर्वी बालवाडीच्या शिक्षिका होत्या. १९७५ साली अमेरिकेतल्या मुलांसाठीच्या ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्या साध्या कपड्यांत आल्या आणि कॅमेऱ्यासमोर चेटकिणीचा काळा झगा, मग टोपी, एकेक करून चढवून दाखवली. हा खेळ आहे, मी तो खेळते, एवढे मुलांना पुरते. खेळ खरा असतो, तो खेळतानाची भीतीही खरी असते, आणि तरी सगळे सुखरूप असतात, हे मुलांना आपल्यापेक्षा चांगले कळते. स्वप्नाची ढाल लागते ती मोठ्यांना.

उरला लोकप्रियतेचा आक्षेप: इतक्या पिढ्यांना आवडले ते चुकीचे कसे? १९३९चे आकडे पाहिले तर तेव्हा ते तितके आवडले नव्हते. सिनेमाला सुमारे २८ लाख डॉलर लागले, पहिल्या फेरीत ३० लाखांच्या आसपास आले, आणि प्रती, जाहिरात, वितरण धरून एमजीएमला तोटा झाला. १९४९च्या पुनःप्रदर्शनानंतर तो भरून निघाला. सिनेमा घराघरांत गेला तो नोव्हेंबर १९५६च्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणाने आणि १९५९पासूनच्या वार्षिक प्रथेने. त्या वेळी बहुतेक घरांतले संच कृष्णधवल होते, म्हणजे दार उघडायचे आणि करड्यातून करड्यात पाऊल पडायचे. रंगाविना, शेवटच्या भोकांसकट, लोकांनी तो पाहिला आणि आपला मानला. तेव्हा लोकप्रियतेवरून शेवट योग्य होता असे काढता येत नाही, जसे रंग अनावश्यक होता असेही काढता येत नाही. आणि पुस्तकांना चिकटून राहिले की सिनेमा चांगलाच होतो, असा उलटा दावाही मी करणार नाही. वॉल्टर मर्च यांच्या १९८५च्या ‘रिटर्न टू ऑझ’ने दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकांतले प्रसंग आणि चित्रांतली पात्रे बरीच निगुतीने उचलली, तरी तो चालला नाही. तिथेही ऑझबद्दल बोलणाऱ्या डोरोथीला आधी विजेच्या उपचारासाठी दवाखान्यात नेतात. पुन्हा तीच शंका, या वेळी भेसूर रूपात.

अलीकडचा पुरावा ‘विकेड’चा. ग्रेगरी मॅग्वायर यांची १९९५ची कादंबरी, त्यावरचे २००३चे ब्रॉडवे संगीतक आणि जॉन चू यांचा २०२४चा सिनेमा, तिन्हींत चेटकिणीची कातडी हिरवी आहे, म्हणजे ती बॉम यांच्याकडून नव्हे, एमजीएमच्या रंगभूषेतून आली आहे. पण तिन्हींत ऑझ कुणाचे स्वप्न नाही. तिथे विद्यापीठे आहेत, राजकारण आहे, आणि २०२४च्या सिनेमासाठी इंग्लंडमध्ये लाखो ट्यूलिप खरोखर लावली गेली. कारखान्याने जे उभारले ते पुढच्यांनी घेतले, कथाविभागाने जे जोडले ते सोडून दिले. बुटांचे मात्र गमतीशीर झाले. माणकांचे बूट १९३९च्या सिनेमाची निर्मिती, त्याचे हक्क आता वॉर्नर ब्रदर्सकडे, ‘विकेड’ युनिव्हर्सलचा. तेव्हा २०२४च्या पडद्यावर बूट पुन्हा चांदीचे आहेत.